तीस मीटरचा एक चौकोन

तृतीय वर्षाच्या वर्गात गंगोत्री हिमनदीच्या दोन उपग्रह प्रतिमा शेजारी शेजारी लावल्या होत्या. डावीकडे १९९०च्या सुमाराची, लँडसॅट ५ या अमेरिकी उपग्रहाने टिपलेली. उजवीकडे अलीकडची, लँडसॅट ८ची. दुपारचा शेवटचा तास, खिडक्यांचे पडदे ओढलेले तरी फटींमधून ऊन येतच होतं, आणि प्रोजेक्टरच्या पांढुरक्या उजेडात तो तीस किलोमीटरचा हिमप्रवाह भिंतीवर आडवा पडला होता. मुलं बराच वेळ बघत राहिली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फार काही फरक दिसत नाहीये." त्यात उद्धटपणा नव्हता, खोडीही नव्हती. तिने खरोखर निरखून पाहिलं होतं आणि जे दिसलं ते सांगितलं होतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या मनातलं कुणीतरी बोललं म्हणून वर्ग जरा सैलावला. मी गोमुखावर, म्हणजे हिमनदीच्या तोंडावर, बोट ठेवून दोन वाक्यं बोलले तोवर घंटा झाली. मुलं गेली. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं आणि नंतर कितीतरी दिवस हटलं नाही.

कारण ती चूक नव्हती. हिशेबच मांडून बघा. लँडसॅटच्या प्रतिमेतला एक चौकोन, म्हणजे एक पिक्सेल, जमिनीवरचे तीस मीटर बाय तीस मीटर दाखवतो. गोमुख गेल्या काही दशकांत वर्षाला सरासरी वीसेक मीटर मागे सरकत आलंय, कधी कमी, कधी जास्त. म्हणजे अख्ख्या वर्षाच्या माघारीने एक चौकोनसुद्धा पुरता भरत नाही, ती आत कुठेतरी विरघळून जाते. तीस वर्षांची बेरीज केली तर सहाशे मीटर होतात, आणि तीस किलोमीटरच्या चित्रात सहाशे मीटर म्हणजे जेमतेम दोन टक्के. वर्गातल्या भिंतीवर ते किती दिसणार? टीव्हीवर आणि फोनवर 'आधी' आणि 'नंतर'च्या जोड्या बघून आपली नजर अशी तयार झालीय की डावीकडे पांढरंशुभ्र आणि उजवीकडे उघडाबोडका डोंगर असल्याशिवाय काही घडलंय असं वाटतच नाही. हिमालयातल्या कितीतरी मोठ्या हिमनद्या तसं चित्र देत नाहीत. त्या आपल्या जागी असल्यासारख्या दिसतात.

आणि त्या पांढऱ्याही नसतात. हे मला गोमुखाला गेले तेव्हा कळलं. भोजबासाहून पहाटे निघालो होतो. पायवाटेवर गोठलेल्या ओहोळांचा कुरकुर आवाज, नाकपुड्यांत झोंबणारी हवा, आणि डोक्यात मात्र लहानपणापासून कॅलेंडरवर बघितलेली गंगा. समोर आलं ते राखाडी, मातकट, दगडगोट्यांनी भरलेलं एक प्रचंड तोंड. बर्फ होता, पण तो फक्त कडा तुटली होती तिथे दिसत होता. निळसर-काळा, आत वाळूच्या रेघा रेघा. वरून सारखे दगड घरंगळत होते. आधी बारीक खडखड, मग पाण्यात धप्प. त्या तोंडातून भागीरथी गढूळ होऊन, फेसाळत बाहेर पडत होती. आमच्यातल्या एका काकूंनी हात जोडले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बर्फ कुठाय गं?" आम्ही बर्फासमोरच उभे होतो. वर तपोवनाच्या वाटेला तर हिमनदीच्या पाठीवरूनच चालावं लागतं, आणि चालताना वाटतं की आपण कोरड्या नदीच्या पात्रातून चाललोय. हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडधोंड्यांचा थर आणि त्याखाली बर्फ.

या थराचं वागणं विलक्षण आहे. धूळ-मातीचा एखाद-दोन सेंटीमीटरचा पातळ थर असेल तर तो ऊन शोषतो आणि खालचा बर्फ उलट लवकर वितळतो. थर जाड असेल तर तो बर्फाला जपतो. आमच्या लहानपणी बर्फवाला लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवायचा, तसाच. त्यामुळे हिमनदीचं तोंड, जिथे दगडांचा थर सगळ्यात जाड, तिथे माघार मंद दिसते. आणि वरच्या अंगाला, जिथे थर विरळ आहे किंवा मध्येच तळी साचली आहेत, उघड्या बर्फाच्या कडा आहेत, तिथे वितळणं जोरात चालू असतं. लांबी तीच आणि अंग खंगत चाललेलं. गंगोत्रीला एकेकाळी बाजूने येऊन मिळणाऱ्या रक्तवर्ण आणि चतुरंगी या हिमनद्या आता मुख्य प्रवाहापर्यंत पोचत नाहीत. नकाशावर नावं अजून शेजारी शेजारी आहेत. ब्रिटिश काळात, १९३५ साली, भूगर्भशास्त्र सर्वेक्षण विभागाच्या जे. बी. ऑडेन यांनी गोमुखाचा बारकाईने नकाशा काढला. तेव्हापासून आपण 'तोंड किती मागे गेलं' हाच प्रश्न विचारत आलो आहोत. तो विचारायला सोपा, ऐकायला सोपा, बातमीत बसणारा. पण हिमनदीची प्रकृती तोंडावरून कळत नाही असं माझं आता ठाम मत झालंय.

त्या दिवसानंतर मी संध्याकाळी घरी पुन्हा पुन्हा त्या प्रतिमा उघडून बसायला लागले. स्वयंपाक आवरला की लॅपटॉप डायनिंग टेबलावर. लँडसॅटचा सगळा साठा २००८पासून जगाला फुकट खुला झाला, आणि पहिला लँडसॅट आकाशात गेला होता जुलै १९७२मध्ये. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावच्या प्राध्यापिकेला अर्ध्या शतकाचे हिमालयाचे फोटो घरबसल्या उघडता येतात याचं मला आजही अप्रूप वाटतं. उपग्रह आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरणही टिपतो. बर्फ दृश्य प्रकाश भरपूर परत फेकतो, पण लघुलहरी अवरक्त किरण जवळजवळ गिळून टाकतो. ढग मात्र ते परत फेकतात. म्हणून या वेगवेगळ्या किरणांना वेगळे रंग देऊन चित्र मांडलं की बर्फ फिरोजी होतो, ढग पांढरे राहतात, झाडी हिरवीगार आणि खडक विटकरी-गुलाबी. इतकं सुंदर दिसतं ते, की मला कधी कधी अपराधी वाटतं. आजारी माणसाच्या एक्स-रेला आपण सुंदर म्हणत नाही. पण हे चित्र स्क्रीनवर उमटलं की पहिला शब्द तोंडात तोच येतो, आणि मी तो अडवत नाही.

स्वच्छ बर्फाची सीमा संगणक काढून देतो. दगडांखालचा बर्फ त्याला ओळखता येत नाही, कारण वरचे दगड आणि शेजारच्या डोंगराचे दगड उपग्रहाला एकसारखेच. तिथे माणूस लागतो. माउसने एकेक बिंदू टाकत सीमा आखायची. इतकं जवळ जायचं की चित्र फुटून नुसते चौकोन उरतात. एक राखाडी, एक जरा गडद राखाडी, एक निळसर. हा निळसर म्हणजे पाणी की सावली? हा गडद म्हणजे ओला हिमोढ की खडकाची कडा? मागे जाऊन पाहायचं, उंचीचा नकाशा वर ठेवायचा, उतार कुठे बदलतो ते शोधायचं, तोंडातून प्रवाह कुठे बाहेर पडतो ते पाहायचं. प्रतिमाही कुठलीही चालत नाही. जून-जुलै घेतला तर मोसमी ढग. नोव्हेंबर घेतला तर नव्या हिमवर्षावाने सगळंच पांढरं, जणू हिमनदी पुन्हा वाढली. पावसाळ्याचे ढग हटले आहेत आणि नवीन हिम पडलेलं नाही असे सप्टेंबर-ऑक्टोबरमधले मोजके दिवस, आणि नेमक्या त्या दिवसांत उपग्रह वरून जायला हवा. लँडसॅटला त्याच जागेवर परत यायला सोळा दिवस लागतात. आता ८ आणि ९ असे दोन असल्याने आठ, आणि युरोपचे सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी येतात, तेही दहा मीटरच्या चौकोनाने. नव्वदच्या दशकात तर काही वर्षं अशी गेली आहेत की एकही धड प्रतिमा नाही. त्या वर्षांत बर्फाचं काय झालं हे मधलं पान फाटल्यासारखं.

मग जाडीकडे वळले.

जाडी मोजायची तर एकाच जागेची उंची दोन वेगवेगळ्या काळी माहीत हवी. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली; तो एक आधार. त्याआधीचा आधार कुठून आणायचा? तो आला हेरगिरीतून. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचे हेक्सागॉन उपग्रह सोव्हिएत भूमीचे फोटो काढत फिरत होते, फिल्मवर. ती फिल्म कुपीत भरून खाली सोडायची आणि पॅरॅशूटने तरंगत येणारी कुपी विमानाने हवेतच झेलायची. वाटेत हिमालय लागायचा, त्याचेही फोटो निघायचे; बर्फासाठी कुणी काढले नव्हते. पुढे ते गुप्ततेतून मुक्त झाले, आणि दोन कोनांतून काढलेल्या फोटोंवरून संशोधकांनी सत्तरच्या दशकातली हिमनद्यांची उंची पुन्हा उभी केली. २०१९मध्ये त्यावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमालयाच्या दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सुमारे ६५० हिमनद्या त्यात होत्या. १९७५ ते २००० या काळात त्यांच्या पृष्ठभागाचा बर्फ सरासरी वर्षाला पाव मीटर झिजला. २००० ते २०१६मध्ये जवळजवळ अर्धा मीटर. वेग दुप्पट. पश्चिमेकडच्या, पूर्वेकडच्या, दगडांनी झाकलेल्या, उघड्या, सगळ्यांत एकच कल. काजळी, पावसाचं बदललेलं मान यांचा वाटा आहेच, पण इतक्या लांब पट्ट्यात एकसारखं काही घडतं तेव्हा वाढत्या तापमानाशिवाय दुसरं कारण पुरत नाही.

अर्धा मीटर म्हणजे गुडघ्याएवढं. दरवर्षी, सगळ्या अंगावरून. हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची ती मुलगी पुढे आली आणि तिने विचारलं की हे आकडे खरे कशावरून, तिथे जाऊन कुणी मोजतं का. मला तो प्रश्न मनापासून आवडला. जातात. हिमाचलच्या लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मंडळी २००२पासून जाताहेत. वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडून त्यात बांबूची काठी रोवायची, पुढच्या मोसमात येऊन ती किती उघडी पडली ते मोजायचं. वरच्या भागात, जिथे हिम साठतं, तिथे खड्डा खणून थरांची घनता तपासायची. पाच हजार मीटरच्या आसपास, विरळ हवेत, पाठीवर ओझं घेऊन. उपग्रहाचे आकडे बरोबर आहेत की नाहीत हे शेवटी त्या बांबूला विचारावं लागतं. आणि उलटही, काठ्या काही मोजक्या हिमनद्यांवर, बाकी हजारोंसाठी आकाशातूनच बघायचं. हे काम करणाऱ्या लोकांबद्दल मला जो आदर आहे तो शब्दांत सांगताना मी नेहमी अडखळते. ओझी वाहणारे आणि वाट काढणारे स्थानिक लोक त्यात आलेच. त्यांच्याशिवाय एकही काठी रोवली गेली नसती.

इथवर मी न दिसणाऱ्या बदलाबद्दल बोलले. पण सगळंच असं अदृश्य नसतं. सिक्कीमच्या उत्तर टोकाला, सुमारे ५२०० मीटरवर दक्षिण ल्होनाक नावाची हिमनदी आहे. तिच्या प्रतिमा लावल्या असत्या तर मागच्या बाकावरूनही फरक दिसला असता. १९६२ ते २००८ या काळात ती दोन किलोमीटरच्या आसपास मागे हटली, आणि जिथून हटली तिथे हिमोढाच्या बांधामागे पाणी साचत गेलं. सत्तरच्या दशकातल्या प्रतिमेत ते पाणी एक ठिपका आहे. पुढच्या प्रत्येक प्रतिमेत तो ठिपका लांबत जातो. अभ्यासकांनी हे तळं धोक्याचं आहे असं वारंवार लिहिलं होतं. फुटलं तर पाणी कुठवर जाईल याची गणितंही मांडली होती. २०१६मध्ये सोनम वांगचुक यांच्या मदतीने तिथे पाइप टाकून थोडं पाणी उपसण्याचाही प्रयत्न झाला.

३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री ते फुटलं. इस्रोने दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध केलेल्या रडार प्रतिमा मी जपून ठेवल्या आहेत. रडारला ढग अडवत नाहीत, रात्र अडवत नाही, म्हणून त्या मिळाल्या तरी. काळ्या-करड्या, ठिपकेदार, फिरोजी वगैरे काही नाही. १७ सप्टेंबरला तळं १६२.७ हेक्टर. २८ सप्टेंबरला १६७.४. ४ ऑक्टोबरच्या सकाळी सहाला ६०.३. शंभरहून जास्त हेक्टरांचा काळा भाग तिसऱ्या चौकटीत नाहीच. नंतरच्या अभ्यासातून कळलं की काठावरचा गोठलेला हिमोढ, जवळपास दीड कोटी घनमीटर, एकदम तळ्यात कोसळला. वीस मीटरच्या आसपास उंचीची लाट उठली आणि तिने बांध कापला. पाच कोटी घनमीटर पाणी तीस्तेच्या दरीत उतरलं. चुंगथांगचं बाराशे मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचं धरण वाहून गेलं, पूल गेले, लष्कराची वाहनं जवानांसह गेली. शंभरहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. काही वस्त्यांना निरोप मिळाला आणि लोक अंधारात डोंगर चढले. काहींना मिळाला नाही.

या तीन चौकटी वर्गात दाखवताना माझा आवाज बदलतो, मुलांनाही ते कळतं. इथे 'फरक दिसत नाही' असं म्हणायला जागा नव्हती. फरक दिसत होता, मोजला होता, छापला होता. हेक्टरच्या पुढे दशांश चिन्हानंतरचा आकडासुद्धा माहीत होता. मी ज्या विषयावर जीव लावून शिकवते त्या विषयाने आपलं काम केलं होतं, आणि तरी तीस्तेच्या काठावर झोपलेल्या घरांत तो आकडा शिरला नव्हता. याचा मला राग येतो. कुणा एकावर काढता येत नाही असा राग. उपग्रह सोडणं, संशोधन करणं, शोधनिबंध लिहिणं यासाठी पैसा आणि माणसं आपण उभी केली. त्या मानाने तळ्यावर सतत चालणारी यंत्रणा, खाली वाजणारा भोंगा, रात्री कुणी कुणाला उठवायचं याची तालीम, नदीच्या पात्रात काय बांधायचं नाही याचा नियम, हे सगळं थोडक्या पैशातलं, पण चिवट काम. ते मागे पडलं.

आणि तळी वाढताहेत. एप्रिल २०२४मध्ये इस्रोने दिलेल्या माहितीप्रमाणे, २०१६-१७मध्ये हिमालयाच्या नदीखोऱ्यांत दहा हेक्टरपेक्षा मोठी २४३१ तळी नोंदली गेली; त्यांतली ६७६ हिमतळी १९८४पासून लक्षणीय वाढली आहेत, आणि त्यांतली १३० भारतात आहेत. उदाहरण म्हणून त्यांनी हिमाचलचं घेपन घाट तळं दिलं होतं. ४०६८ मीटरवर, १९८९मध्ये ३६.४९ हेक्टर, २०२२मध्ये १०१.३० हेक्टर. हे वाचून मी दचकले, कारण त्याच्या खालचं गाव सिस्सू. मनालीहून अटल बोगदा ओलांडला की लगेच लागतं ते. आपल्याकडचे पर्यटक उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गाड्या थांबवून धबधब्यासमोर फोटो काढतात. माझ्या दोन्ही भावजयांच्या फोनमध्ये ते फोटो आहेत. गावाचा देव राजा घेपन, त्याच्या नावाचं शिखर, त्याच शिखराच्या कुशीत ते तळं. फोटोंमध्ये शिखर दिसतं, तळं दिसत नाही. ते वर, आड आहे.

यंदा प्रकल्पासाठी मी मुलांना गंगोत्री दिली नाही, घेपन दिलं. प्रत्येकाने एकेका वर्षाची सप्टेंबरअखेरची प्रतिमा शोधायची आणि हाताने काठ आखायचा. संगणक कक्षात एवढा आवाज मी बऱ्याच काळात ऐकला नव्हता. तळ्याच्या वरच्या टोकाला हिमनदी थेट पाण्यात उतरते, तिथे तरंगते हिमखंड धरायचे की सोडायचे यावर दोन मुलं हमरीतुमरीवर आली. एकाचं उत्तर दुसऱ्यापेक्षा दीड हेक्टरने जास्त. मी निकाल दिला नाही. दोघांनाही आधीची आणि नंतरची प्रतिमा उघडायला लावली. शेवटी त्यांनी हिमखंड पाण्यात धरायचं ठरवलं आणि तसं वहीत लिहून ठेवलं, कारण पुढच्या तुकडीने वेगळं धरलं तर तळं वाढलं की नियम बदलला हे कळणार नाही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

गुडघ्याएवढ्या बर्फाबद्दल विचारणारी मुलगी या गटात होती. तिने आणखी एक काम अंगावर घेतलं. तळ्याचं वर्षावर्षाचं क्षेत्रफळ, दोन प्रतिमा आणि चार ओळी, असं एक पान तिने हिंदीत केलंय. हेक्टरच्या जागी बिघे घातले, कारण तिथे जमीन बिघ्यात मोजतात असं तिने कुठूनतरी विचारून घेतलं. सिस्सूच्या ग्रामपंचायतीला आणि तिथल्या शाळेला ते पाठवलंय. त्यांना तळ्याबद्दल आमच्यापेक्षा जास्त माहिती असणार, हेही तिने पहिल्याच ओळीत लिहिलंय, आणि खाली विचारलंय की पाणी वाढल्याचं तुम्हाला सगळ्यात आधी कशावरून जाणवलं, आणि रात्री काही झालं तर गावात निरोप कसा फिरतो. अजून उत्तर आलेलं नाही. पत्ता बरोबर आहे का ते उद्या फोन करून विचारायचं तिने ठरवलंय.